गुडघ्याचं ऑपरेशन आणि सात दिवसांचा कोर्स

आम्ही जुम्म्याला जातो त्या मशिदीत गेल्या काही वर्षांत खुर्च्या वाढल्या आहेत. पूर्वी सफच्या टोकाला एखाददुसरी असायची. आता दोन्ही टोकांना ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यावर बसणारे सगळेच काही फार म्हातारे नसतात. विचारलं तर उत्तर दोन शब्दांचं: "गुडघे गेले." बायकांची नमाज बहुतेक घरातच होते, त्यामुळे त्यांच्या खुर्च्या कोणी मोजत नाही. खरं तर गुडघ्याचं हे दुखणं बायकांमध्येच जास्त आढळतं. माझ्या अम्मीची खुर्ची मारुंजीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दाराशी पाच वर्षं होती. तिथून एका बाजूला हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचा दिसतात आणि दुसऱ्या बाजूला नेरे, कासारसाईकडचा ऊस. अम्मीचं आयुष्य कराडकडच्या गावात चुलीपुढे, जात्यावर आणि विहिरीच्या पायऱ्यांवर गेलं. उकिडवं बसून त्या गुडघ्यांनी किती काम केलं असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

या दुखण्याला आपण सरसकट संधिवात म्हणतो. डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं, ते वयाबरोबर, वजनाबरोबर, जुन्या मारामुळे झिजत जातं आणि मग हाडावर हाड घासतं. यात जंतूंचा काही संबंध नाही. त्यामुळे दुखणाऱ्या गुडघ्याला अँटिबायोटिक देऊन फायदा होत नाही. त्या औषधाची गरज पडते ती गुडघा उघडून आत धातू आणि प्लास्टिक बसवतात त्या दिवशी. ते किती द्यायचं, कधी द्यायचं आणि कधी थांबवायचं यावरून आमच्या घरात जे झालं, ते बऱ्याच घरांत होत असणार. म्हणून हे लिहितो आहे.

गुडघ्याची वाटी बदलणं ही पूर्वी पैसेवाल्यांची गोष्ट होती. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत, कर सोडून, ५४,७२० रुपये ठरली. हॉस्पिटलचा बाकीचा खर्च आहेच, तरी नोकरदार घरांना हे ऑपरेशन आवाक्यात वाटू लागलं. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत असलेल्या माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे भाईने, आणि मी मिळून ठरवलं की आता अम्मीला आणखी सोसू द्यायचं नाही.

डॉक्टरांनी मात्र तारीख लगेच दिली नाही. अम्मीची तीन महिन्यांची साखर साडेआठच्या घरात होती. ते म्हणाले, "आधी ही खाली आणा. साखर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंना संधी मिळते." तीन महिने गेले. या काळात दात तपासले, एक किडका दात काढला. लघवीच्या तपासणीत जंतू आले, पण अम्मीला ना जळजळ होती, ना ताप. सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, पाच दिवसांचा कोर्स करून टाका, उगाच धोका कशाला? डॉक्टरांनी नाही म्हटलं. वयस्कर बायकांच्या लघवीत असे जंतू अनेकदा सापडतात. काही त्रास नसेल तर त्यांना मारल्याने गुडघ्याचं इन्फेक्शन टळत नाही, असं संशोधन सांगतं. अमेरिकेच्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये तशाच सूचना दिल्या आहेत. आमच्या घरात अँटिबायोटिकला मिळालेला हा पहिला नकार.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री साबणाने आंघोळ, सकाळी गुडघ्यावरचे केस वस्तऱ्याने न काढता क्लिपरने कापणं, हे सगळं मी पाहिलं. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे उठतात आणि जंतूंना तिथे जागा मिळते. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी अम्मीला विचारलं, "पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का? कधी इंजेक्शननंतर अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, असं झालं होतं का?" हा प्रश्न महत्त्वाचा असतो, कारण जुन्या, न तपासलेल्या ॲलर्जीच्या शिक्क्यामुळे पुष्कळ रुग्णांना पहिल्या पसंतीचं औषध मिळत नाही आणि दुय्यम औषधावर भागवावं लागतं. अम्मीला तसलं काही नव्हतं.

मग ती सुई. सेफाझोलिन नावाचं औषध, दोन ग्रॅम, शिरेतून. हे काही नवं किंवा महागडं औषध नाही. सर्जन मला बाहेर सांगत होते, "हे कापण्याच्या आधीच्या तासाभरात जायला हवं. मांडीवर पट्टा फुगवून आम्ही रक्त अडवतो. त्याच्याही आधी औषध पूर्ण आत गेलेलं पाहिजे, नाहीतर ते गुडघ्यापर्यंत पोचणारच नाही." म्हणजे पहिला छेद घेतला जातो तेव्हा तिथल्या मांसात आणि हाडात औषध आधीच हजर असायला हवं. त्वचेवरचे किंवा हवेतले चार जंतू आत पडले तर ते तिथेच मरावेत. जखम शिवून झाल्यावर दिलेलं औषध हे काम करू शकत नाही, कारण तोवर जंतू धातूवर जाऊन बसलेले असतात.

धातूवर बसणं म्हणजे काय, हेही समजून घेण्यासारखं आहे. आपल्या शरीराच्या भागांना रक्त मिळतं आणि रक्तातून औषध व पांढऱ्या पेशी पोचतात. कृत्रिम सांध्याला रक्तवाहिन्या नसतात. जंतू त्याच्यावर एकदा चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला हात फिरवला की जसा थर लागतो तसाच. त्या थराच्या आड असलेल्या जंतूंना साध्या गोळ्या मारू शकत नाहीत. म्हणून शंभरातल्या एखाद्या-दोघा रुग्णांनाच होणारं हे इन्फेक्शन सर्जनना सगळ्यात जास्त धास्तीचं वाटतं.

ही धास्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन इथे जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात खुब्याचा सांधा बदलण्याची आजची पद्धत घडवली, तेव्हा सुरुवातीला इन्फेक्शनचं प्रमाण खूप होतं. त्यांनी ऑपरेशनच्या जागेभोवती स्वच्छ गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली बांधली, सर्जनचे कपडे बदलले, आणि प्रमाण झपाट्याने खाली आलं. जर्मनीत हँबुर्गच्या बुखहोल्ट्झ यांनी १९७० च्या सुमारास हाडाच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळण्याची कल्पना पुढे आणली. १९८२ मध्ये आठ हजारांहून अधिक सांधेबदल ऑपरेशनांचा एक मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. अतिशुद्ध हवेने इन्फेक्शन निम्म्यावर येतं आणि आधी दिलेल्या अँटिबायोटिकनेही ते कमी होतं, असं त्यातून दिसलं. म्हणजे औषध कामाचं आहेच. पण ते स्वच्छ हवा, स्वच्छ हात आणि आटोक्यातली साखर यांच्या जोडीने काम करतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी वॉकर धरून चार पावलं चालली. त्याच दिवशी शेवटचा डोस देऊन अँटिबायोटिक बंद झालं. सगळं मिळून चोवीस तासांच्या आत. घरी जाताना मिळालेल्या पिशवीत दुखण्याच्या गोळ्या होत्या, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक औषध होतं, पोटासाठी एक गोळी होती. अँटिबायोटिक नव्हतं.

भाई अस्वस्थ झाला. त्याच्या कंपनीतल्या एकाच्या आईला सात दिवस गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या एकाला सलाईनमधून पाच दिवस. "एवढं मोठं ऑपरेशन, आत लोखंड घातलंय, आणि गोळी एकही नाही? पैसे वाचवतायत का हे?" असं तो मला जिन्यात म्हणाला. मग त्याने ते वाक्य टाकलं, जे आपण सगळ्यांनी सरकारी पोस्टरवर वाचलेलं आहे: "कोर्स अर्धवट सोडायचा नसतो ना?"

हा प्रश्न मी सर्जनना तसाच विचारला. ते हसले नाहीत. म्हणाले, "कोर्स आजाराचा असतो. न्यूमोनिया झाला, जखमेत पू झाला, तर ठरलेले दिवस औषध घ्यायचं. तुमच्या आईला इन्फेक्शन झालेलंच नाही. आम्ही दिलं ते पहाऱ्यासाठी होतं. दार उघडं होतं तेवढा वेळ पहारा ठेवला. आता दार शिवलंय."

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ऑपरेशनच्या जखमांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यात ऑपरेशन संपल्यावर असं प्रतिबंधक अँटिबायोटिक पुढे चालू ठेवू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये तर स्वच्छ ऑपरेशनमध्ये जखम बंद केल्यावर एकही जादा डोस नको, नळी ठेवलेली असली तरी नको, असं म्हटलं. अनेक अस्थिरोग सर्जनना हे पूर्ण पटलेलं नाही, म्हणून ते चोवीस तास देतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानामधला एक अभ्यास आला. मधुमेह, लठ्ठपणा अशा जास्त जोखमीच्या रुग्णांना सात दिवस गोळ्या दिल्यावर इन्फेक्शन कमी दिसलं, असं त्यात होतं. पण तो मागच्या नोंदींवर आधारलेला होता, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला प्रयोग नव्हता. म्हणजे या विषयात वाद अजून शिल्लक आहे, आणि एखाद्या रुग्णासाठी सर्जन विचार करून वेगळं ठरवू शकतो. वाद आहे तो जोखमीच्या मोजक्या रुग्णांपुरता. आपल्याकडे मात्र बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला पाच-सात दिवस दिलं जातं. त्यामागे अभ्यासापेक्षा भीती जास्त असते, डॉक्टरची आणि आपलीही. पिशवी भरलेली दिसली की नातेवाइकांना बरं वाटतं.

या जादा दिवसांची किंमत आधी म्हाताऱ्या माणसाचं पोट देतं. आतड्यातले उपयोगाचे जंतू मरतात आणि जुलाब लागतात. कधी त्या मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा चिवट जंतू वाढतो. नुकता गुडघा बदललेल्या बाईला रात्री चार वेळा वॉकर घेऊन संडासला जावं लागणं म्हणजे काय, हे ज्याने घरात पाहिलंय त्याला सांगायला नको. शिवाय जे जंतू मरत नाहीत ते अंगावर आणि अंगात राहतात. पुढे कधी खरंच औषधाची वेळ आली तर समोर तेच उभे असतात.

ती वेळ आमच्या नात्यात येऊन गेली आहे. एका मामूंच्या गुडघ्यात ऑपरेशननंतर काही महिन्यांनी इन्फेक्शन झालं. आधी महिनाभर कुठून कुठून आणलेल्या गोळ्या झाल्या. त्या घेतल्या की सूज उतरायची, थांबवल्या की परत यायची. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात गेले, तेव्हा सांध्यातलं पाणी काढून तपासलं आणि त्यात जंतू उगवलेच नाहीत. गोळ्यांनी ते दबले होते, मेले नव्हते. औषधं बंद करून दोन आठवडे थांबावं लागलं, मग पुन्हा पाणी काढलं, तेव्हा जंतू कोणता ते कळलं. त्यानंतर बसवलेला सांधा काढला, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा घातला, सहा आठवडे शिरेतून औषध चाललं, आणि काही महिन्यांनी नवा सांधा बसला. घरची गाय आणि मामीच्या बांगड्या त्यात गेल्या. मामू आज काठी घेऊन चालतात आणि तेवढ्यावर अल्लाहचे आभार मानतात. त्यांना वाचवणारं औषध त्या जंतूवर अजून चालत होतं, म्हणून हे शक्य झालं.

म्हणून अम्मीच्या नवव्या दिवशी जे झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पट्टीवर पिवळसर ओलं दिसलं. भाई संध्याकाळी चाकणहून येताना एका मेडिकलमधून दहा गोळ्यांचं पाकीट घेऊन आला. चिठ्ठी नव्हती, दुकानदाराने "ऑपरेशनची जखम आहे ना, ही द्या" म्हणून दिलं होतं. पाकिटावर मागे ती उभी लाल रेघ होती. चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधांची ती खूण, २०१६ पासून सरकार तिच्याबद्दल सांगतं आहे. त्याच्याही आधी, १ मार्च २०१४ पासून, बऱ्याच वरच्या दर्जाच्या अँटिबायोटिकना 'एच-१' या यादीत घातलं आहे. ती विकताना दुकानदाराने चिठ्ठी पाहायची आणि रुग्णाचं, डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं असतं.

मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि पट्टीचा फोटो काढून सर्जनना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "गोळी देऊ नका. उद्या सकाळी घेऊन या." दुसऱ्या दिवशी त्यांनी टाके पाहिले, दाबून पाहिलं. ताप नव्हता, लाली पसरलेली नव्हती. चामडीखालचा साधा स्राव होता. पट्टी बदलली, चालणं दोन दिवस कमी करायला सांगितलं आणि रोज फोटो मागितले. चौथ्या दिवशी पट्टी कोरडी आली. त्यांनी जाताना एवढंच म्हटलं, "सांधा बदललेल्या माणसाची जखम गळत असेल तर ती मला दाखवायची. मेडिकलवाल्याला नाही. खरंच आत काही असतं, तर गोळीने ते झाकलं गेलं असतं." भाईने मामूंचं नाव घेतलं आणि गप्प झाला. पाकीट त्याने परत नेऊन दिलं.

हॉस्पिटलमधून परतताना पिंपरीला एच. ए. कंपनीजवळून रस्ता जातो. आमच्या पट्ट्यातल्या नव्या पिढीला एच. ए. हे फक्त बसस्टॉपचं आणि कॉलनीचं नाव वाटतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली इथे उभी राहिली, औषधं बनवणारा देशातला पहिला सरकारी कारखाना म्हणून. युनिसेफने यंत्रं दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, आणि १९५५ पासून पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. मुलगा देवदास यांनी त्यांच्यासाठी पेनिसिलिन विमानाने मागवलं होतं. ठराविक तासांनी सुया टोचाव्या लागतील हे कळल्यावर गांधीजींनी ते देऊ दिलं नाही. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. विमानाने मागवावी लागणारी वस्तू दहाएक वर्षांत पिंपरीच्या शेडमध्ये बनू लागली, आणि आज ती चिठ्ठीशिवाय दहाच्या पाकिटात घरी येते.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवलं होतं की हे औषध कमी मात्रेत, अजाणतेपणी वापरलं तर जंतू त्याला सरावतील. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली छापून आला. यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या जादा गोळ्यांचा वाटा लहानच असेल. कोंबड्यांच्या खाद्यापासून सर्दीच्या कोर्सपर्यंत बाकीचे वाटेकरी पुष्कळ आहेत. पण आपल्या हातात असलेला वाटा आपल्या घरातल्या पिशवीचा आहे.

अम्मीला मी हे सगळं माझ्या परीने सांगितलं. तिने एकच शब्द काढला, "अमानत." दुसऱ्याची ठेव आपल्याकडे असते तेव्हा ती जपून, गरजेपुरती हाताळायची. उद्या कुणाच्या बाळंतिणीला, कुणाच्या भाजलेल्या पोराला लागेल ते औषध आपण उगाच बोथट करायचं नाही, हे तिला अभ्यास न वाचता समजलं. जखमेच्या बाबतीतही ती हुशार निघाली. सिस्टरला काळजी होती की ही बाई पाच वेळा पाणी घेते, पट्टी भिजेल. अम्मीने तिला समजावलं की वुजूत पाय घोट्यापर्यंत धुतात, गुडघ्याला पाणी लागतच नाही. आणि पट्टी पाण्याच्या वाटेत आलीच, तर वरून ओला हात फिरवायची मुभा आहे. सिस्टर म्हणाली, "मग तुमच्यापेक्षा स्वच्छ पेशंट नाही."

आता दुसऱ्या गुडघ्याचं चाललंय. पावसाळा झाला की करू म्हणतोय. या वेळी प्रश्नांची यादी भाईनेच मोबाइलमध्ये लिहून ठेवली आहे. साखर किती असली तर तारीख द्याल? इंजेक्शन कापायच्या किती आधी देणार? ते कधी थांबवणार? जादा दिवस देणार असाल तर कशासाठी? जखम गळली किंवा ताप आला तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा? शेवटचा प्रश्न दातांचा आहे. सांधा बदलल्यावर प्रत्येक वेळी दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं असं त्याला कोणीतरी सांगितलंय. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्येच सांगितलंय की बहुतेक रुग्णांना त्याची गरज नाही. मी भाईला ते सांगितलं. तो म्हणाला, "असू दे, डॉक्टरांनाच विचारू." विचारू दे. डॉक्टरकडे जाऊन विचारणं, हे मेडिकलमधून पाकीट आणण्यापेक्षा पुष्कळ बरं.